भोंग्यावरचं नाव

“...अन् त्या बंडीत चोरीचं सागवान. अन् बंडी हाकनारा मानूस... तिचा... तिचा...”

“बाप,” मागून कोणीतरी म्हणालं.

हर्षा गर्रकन वळली. गडचिरोलीच्या बसस्थानकाबाहेर, पावसाची भुरभुर चुकवायला ती चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली उभी होती आणि आपलं कोणी ऐकत नाही अशा समजुतीत स्वतःशीच पुटपुटत होती. पाहते तर मागे एक उंच, सावळा पोरगा. हातात चहाचा कप, गळ्यात दुपट्टा, आणि चेहरा दूध पिताना पकडलेल्या मांजरासारखा.

“तुमाले कोनी विचारलं होतं?”

“कोनीच नाई. माफ करा. कोनी अडलं का माह्या तोंडातून आपोआप निंगते.”

“अन् तो बापच हाय, हे कसं समजलं?”

“अजी, आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात बंडी हाकनारा बाप असते, नाईतर नवरा. नवरा असता तर तुमी अडल्या नसत्या. दोन शिव्या घालून पुढं गेल्या असत्या.”

हर्षाला हसू आलं होतं, पण अनोळखी पोरासमोर हसायचं कशाला? तिनं फटकन छत्री उघडली आणि छत्रीवरचं सगळं पाणी नेमकं त्याच्या कपात गेलं. त्यानं कपात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि एक घोट घेतला.

“गोड झाला,” म्हणे! शहाणाच होता मेला.

हर्षा तरातरा निघाली. मनात मात्र ‘बाप’ हा शब्द घेऊनच गेली, कारण दोन दिवस ती त्याच शब्दापाशी अडत होती.

ही हर्षा खोब्रागडे आरमोरीकडच्या मोहटोल्याची. दिवसा कॉम्प्युटर सेंटरमध्ये पोरांना टायपिंग शिकवायची आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहायची. नाटकाचं वेड तिकडे कोणाला नसतं? दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, होळीपर्यंत मंडप रिकामा राहत नाही, आणि नाटक म्हटलं की लेकीजावयांनी घर भरून जातं. गेल्या वर्षी हर्षानं आपलं पहिलं नाटक एका कंपनीला विश्वासानं देऊन टाकलं. नाटक रंगलं, गर्दी झाली, बाया पदरानं डोळे पुसत होत्या. आणि पोस्टरवर लेखक म्हणून नाव भलत्याचंच! तिची आई मनकर्णाबाई मंडपात बसल्या बसल्या एक संवाद ऐकून मोठ्यानं म्हणाली होती, “अवं, हे तर तू माह्यावर रागावून बोल्ली होती!” आईनं ओळखलं, पण जगाला कोण सांगणार? हर्षा घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली आणि तिनं ठरवून टाकलं – पुढचं नाटक आपल्या नावानं लागेल, नाहीतर लागणारच नाही.

म्हणून ती गडचिरोलीला कार्यशाळेला आली होती. झाडीपट्टीतल्या लेखक-कलावंतांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा. कंपनीच्या मालकापुढे आपलं नाटक कसं मांडायचं, करार कसा करायचा, आपलं नाव कसं राखायचं. शेवटच्या दिवशी वडशाच्या ‘वनराणी’ कंपनीचे मालक देवरावभाऊ स्वतः येऊन नाटकं ऐकणार होते. हर्षाचं सगळं त्या एका दिवसावर होतं.

सभागृहात शिरली, तर पहिल्याच रांगेत तोच! दुपट्टेवाला!

“मी संघपाल,” तो उठून म्हणाला. “वनरानीचा प्रॉम्टर. सकाळची गोठ मनावर नका घेऊ.”

“प्रॉम्टर!” हर्षानं कपाळावर हात मारला. “तरीच!”

आता ज्यांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. आमच्या नटांना आज एक नाटक, उद्या दुसरं. पाठांतराला सवड कोणाला? म्हणून स्टेजच्या पुढ्यात एक खड्डा असतो, त्यात प्रॉम्टर बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या एक श्वास आधी वाचतो. नट ते झेलतो आणि गाजवतो. खड्ड्यातला माणूस कोणाला दिसत नाही.

“मंग टाळ्या?” दुपारी चहाच्या वेळी हर्षानं विचारलं.

“टाळ्या वरच्यावर जाते. खड्ड्यात धूळ तेवढी येते.” तो हसून म्हणाला, पण हसू ओठांवरच राहिलं. “अन् आमी सपाट वाचतो बरं का. भाव घालाचा नाई. रडनं, रागावनं, प्रेम करनं – हे नटाचं काम.”

“कधीच भाव घातला नाई?”

“आतालोक तरी... गरज पडली नाई.”

बोलताना त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की हर्षाला एकदम आपल्या कपातल्या चहात पुष्कळ काही दिसायला लागलं.

शिकवायला चंद्रपूरहून रंजीता मॅडम आल्या होत्या. बाई मोठी गोड, पण शिस्तीला कडक. “अख्खी कथा सांगत बसू नका,” त्या म्हणायच्या. “मालकाला एवढंच सांगा, की तुमच्या नाटकात कोणाची झोप उडाली आहे आणि का.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ‘नाही’ म्हणायला शिकवलं. “नाही म्हणा, आणि मग गप्प राहा. आपली माणसं फसतात ती इथंच. नाही म्हणतात, आणि ती शांतता सोसत नाही म्हणून स्वतःच ‘बरं, चालेल’ म्हणून मोकळी होतात.”

सराव जोडीजोडीनं करायचा होता. हर्षाची जोडी कोणाशी पडली असेल, सांगायला नकोच.

तिच्या नाटकाचं नाव ‘कायद्याची लेक’. मंगली नावाची पोरगी वनरक्षक होते आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी चोरीच्या सागवानाची बंडी, म्हणजे बैलगाडी, अडवते, तर हाकणारा तिचा स्वतःचा बाप. लिहिलं होतं झकास. पण मांडायला उभी राहिली की हर्षाची जीभ टाळूला चिकटायची, आणि ती अडली रे अडली की संघपाल पुढचा शब्द देऊन मोकळा.

“बस!” शेवटी ती करवादली. “उद्या देवरावभाऊसमोर तुमी शब्द दिला, तर ते म्हनतील का इले सोताचं नाटकबी येत नाई. उद्या प्रॉम्ट कराचं नाई. बिलकुल नाई!”

“अन् तुमी अडल्या तर?”

“अडू द्या.”

“मले पाहवनार नाई, हर्षाजी.”

“तर मंग डोळे मिटा. पन शपथ घ्या!”

त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. पाऊस थांबला होता. बाहेर पडताना त्यानं तिची छत्री उचलून दिली आणि एक क्षण... एकच क्षण, दोघांचे हात त्या छत्रीच्या मुठीवर राहिले. कोणीच घाई केली नाही.

तिसरा दिवस उजाडला. देवरावभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गालात पान ठेवून, खुर्ची भरून बसले. हर्षाचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठून पुढे आली.

“मंगलीची आज ड्युटीची पहिली सकाळ,” तिनं सुरुवात केली. आवाज बरा लागला. “नाक्यावर एक बंडी येते. धानाच्या तनशीखाली सागवान. अन् बंडी हाकनारा मानूस... तिचा...”

झालं. तिथंच. नेमकी तिथंच.

देवरावभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. हर्षानं न राहवून पहिल्या रांगेत पाहिलं, तर संघपालनं दुपट्ट्याचा बोळा करून तोंडात कोंबलेला! डोळे बाहेर आलेले, चेहरा लालबुंद, आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. शब्द आत कोंडून तो बिचारा घामाघूम झाला होता.

हर्षाला फिसकन हसू आलं. आणि त्या हसण्यानं भीती कुठच्या कुठं पळाली. अगं, सांगायचं कशाला? करूनच दाखव की! तिनं कमरेला ओढणी खोचली, हात आडवा केला आणि खणखणीत आवाजात ओरडली, “ए! बंडी थांबव!”

मग दोन पावलं पुढे आली. थबकली. हात हळूहळू खाली आला आणि आवाज एवढासा झाला.

“बाबा... तुमी?”

आणि ताठ होत – “बाबा, खाली उतरा. बंडीची झडती घ्याची हाय.”

देवरावभाऊंचं पान चघळणं थांबलं. मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं.

“नाटक घेतलं!” देवरावभाऊंनी मांडीवर थाप मारली. “पन एक गोठ आयक, बाई. पोस्टरवर नाव जुन्या लेखकाचं टाकू. नव्या पोरीच्या नावानं बुकिंग भेटत नाई. पुढच्या सालापासून तुझं.”

हर्षाला गेल्या वर्षीची उशी आठवली.

“नाई, भाऊ,” ती म्हणाली. “नाव माझंच. नाईतर नाटक घरी.”

आणि गप्प राहिली. बाप रे, काय कठीण असतं ते गप्प राहणं! पंख्याचा आवाज मोठा झाला. ‘बरं, चालेल’ हे शब्द जिभेवर येऊन उड्या मारत होते. रंजीता मॅडम भिंतीशी उभ्या होत्या, त्यांनी मान तेवढी हलवली. संघपालनं दुपट्टा आणखी आत कोंबला. देवरावभाऊ तिच्याकडे पाहत होते आणि ती देवरावभाऊंकडे. तिनं नजर खाली घेतली नाही.

“बाप्पा!” शेवटी तेच खदखदून हसले. “नाटकात नाई, हे तर खरीच कायद्याची लेक निंगाली! टाका इचं नाव. मोठ्या अक्षरात टाका!”

त्या टाळ्यांत सगळ्यात मोठी टाळी कोणाची होती, हे हर्षानं न बघताच ओळखलं. दुपट्टा तोंडातून काढायचंही भान नव्हतं त्याला.

हंगाम सुरू झाला. ‘कायद्याची लेक’ कुरखेड्यात चालली, सिंदेवाहीत चालली, बुकिंगवाले वडशाच्या ऑफिसात रांग लावायला लागले. संघपाल रोज फोन करायचा. नाटकाचं सांगायला, बरं का! कुठल्या गावी कुठल्या वाक्याला बाया रडल्या, हे सगळं सांगून झालं की दोघंही फोन धरून नुसती थांबायची. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. पण मुद्द्याचं काही तो बोलेना.

पौषात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी नाटक मोहटोल्यात लागलं. दुपारची उन्हं कलली होती, मनकर्णाबाई अंगणात धान पाखडत होती, आणि गावाच्या तोंडाशी जाहिरातीच्या जीपचा भोंगा वाजला.

“आज रात्री ठीक दहा वाजता! तीन अंकी संगीत नाटक, कायद्याची लेक! लेखिका...” भोंगा क्षणभर थांबला, आणि मग आवाज असा काही भरून आला की चिंचेवरचे बगळे उडाले, “लेखिका, याच मोहटोल्याची लेक, हर्षा खोब्रागडे!”

मनकर्णाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “अवं माय... तुझं नाव घेऊन राह्यला, हर्षा, साऱ्या गावात!” आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

हर्षा मात्र नावाला थबकली नव्हती, आवाजाला थबकली होती. तो सपाट नव्हता. त्यात अभिमान होता, आनंद होता, आणखीही पुष्कळ होतं. ती अनवाणीच फाटकाशी धावली.

जीप दारातच येऊन थांबली. चालवत होते कंपनीचे पडदे रंगवणारे वहाबचाचा. मागून संघपाल उतरला. हातात माईक, मागे लोंबणारी वायर.

“तू? भोंग्यावर?”

“भाऊले म्हटलं, हे नाव मीच पुकारनार. सारी जिंदगी खड्ड्यात बसून बोललो. आज वाटलं, एकदा मोठ्यानं बोलावं.” त्यानं घसा खाकरला. “अजून एक वाक्य हाय, हर्षा. हे कोन्या नाटकातलं नाई. मले... मले तू...”

अडला. प्रॉम्टर अडला! कान लाल, कपाळावर घाम, ऐन पौषात.

हर्षानं त्याला थोडं ताटकळू दिलं. एवढा हक्क तिचा होता. मग ती एक पाऊल जवळ आली आणि अगदी हळू, एक श्वास आधी, सपाट म्हणाली,

“आवडते.”

“आवडते!” संघपालनं झेललं आणि असं गाजवलं, की दोन घरं पलीकडून कुत्रं भुंकलं. “बम आवडते! त्या बसस्टँडपासून आवडते!”

आणि तेच शब्द पाठोपाठ पाण्याच्या टाकीपाशी, विहारासमोर, पटाच्या मैदानात घुमून परत आले. हर्षानं जीपच्या टपाकडे पाहिलं. भोंगा चालूच होता! खड्ड्यात बसणाऱ्याला माईक बंद करायची सवय कुठून असणार?

“हाय अल्ला,” वहाबचाचांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

पटाच्या मैदानातून आधी एक शिट्टी आली. मग हशा. संघपाल तिथंच जमिनीत शिरायला खड्डा शोधू लागला.

“आता काऊन उभी हाय, पोरी?” अंगणातून मनकर्णाबाई ओरडली. “सारा गाव कान देऊन बसला. तुझं वाक्य हाय!”

हर्षानं त्याच्या हातातून माईक घेतला. या वेळी ती अडली नाही.

“मी हर्षा खोब्रागडे बोलून राह्यली,” ती म्हणाली. “माझंबी तेच म्हननं हाय.”

मोहटोल्यात टाळ्या उठल्या. मैदानातून, ओसऱ्यांवरून, विहारापासून. संघपाल खुळ्यासारखा वळून वळून पाहत होता, या कोणासाठी वाजताहेत म्हणून. हर्षानं त्याचा हात धरला.

“तुझ्यासाठीच हाय,” तिनं सांगितलं.