लाल दोऱ्याची दुमड

दार लोटून घ्या आणि आगटीत एक ओंडका सारा. कुणाला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, कारण ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या बघण्यातल्या माणसाची आहे. ऑसबर्ट, याच पागेचा जुना मोतद्दार. तोंडाचा फटकळ, पण खोटं त्याला जमत नसे. आयुष्यात एकदाच बोलायला गेला आणि तेही निम्म्यातच अडकलं.

आपल्या बाईसाहेब अमाबेल तेव्हा ऐन उमेदीत होत्या. त्यांचं पहिलं लग्न सर राल्फशी झालं. लावून दिलेलंच, पण दोघांचा एकमेकांवर जीव जडला. एक लेक झाली, लेटिस. ती सहा वर्षांची असताना राल्फ लढाईत पडला आणि घराची दशा झाली. बापामागे जमीन लेकीची. आणि जमिनीची धनीण लहान असली की तिला आईजवळ राहू देत नाहीत, राजा सांगेल त्या सरदाराच्या ताब्यात देतात, आणि ती मोठी होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न तो सरदार खातो. राजाने तिला ब्रॅकनच्या सर फुल्कच्या ताब्यात दिलं, आणि आईला दिलं दुसऱ्या नवऱ्याला, लांब उत्तरेत. विचारलं कुणालाच नाही.

निघायच्या दिवशी पोरीचा पुढचा दात पडला होता. ती ज्याला त्याला खिंडार दाखवत फिरत होती. तिला वाटलं गंमत आहे, चार दिवसांनी परत यायचं आहे. बाईसाहेबांनी एका फितीने तिचं माप घेतलं, खांद्यापासून टाचेपर्यंत, आणि फितीला गाठ मारली. मग तिच्या हातात सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ दिलं. नुकतीच शिवायला शिकली होती. प्रत्येक दोऱ्याच्या शेवटी दोन-दोन गाठी मारायची, एकीवर तिचा विश्वास नसे.

“माझी आठवण आली की एक टाका घाल,” बाईसाहेब म्हणाल्या.

करड्या घोडीवर तिला उचलून बसवलं ते ऑसबर्टनेच. ती त्याला ऑझ म्हणायची.

त्यानंतर पाच वर्षं मायलेकींची गाठ नाही. बाईसाहेब दर वर्षी फीत काढायच्या, पोर एवढी उंच झाली असेल असा अंदाज बांधून नवी गाठ मारायच्या, आणि त्या मापाचा झगा शिवून ब्रॅकनला धाडायच्या. झगा ठेवून घेतला जाई. निरोप येई, मुलगी मजेत आहे.

दुसरा नवरा वारला, बाईसाहेब इथे परतल्या, आणि वर्ष उलटायच्या आत तिसरी सोयरीक चालून आली. सर रेनल्ड. माणूस वाईट नव्हता. बाईसाहेबांनी त्याला एवढंच सांगितलं, “चर्चच्या दारात माझी लेक माझ्या शेजारी उभी असेल, तर मी ‘हो’ म्हणेन. नाहीतर फरफटत नेलंत तरी तोंड उघडणार नाही.” रेनल्डने फुल्कला कळवलं. फुल्कने मान्य केलं. आणि बाईसाहेबांनी लग्नासाठी निळा झगा शिवला, अकरा वर्षांच्या मुलीचा.

तो घेऊन ऑसबर्ट निघाला. करडी घोडी मुद्दाम बरोबर घेतली, पोरीला ओळखीची म्हणून. ब्रॅकनला पोचला ती मृतात्म्यांच्या दिवसाची रात्र होती. म्हणजे आजचीच. गावोगाव घंटा चालू होत्या.

दारात कारभारी आडवा आला. “झगा ठेव आणि सूट, म्हाताऱ्या. मुलगी झोपलीय.”

“तिच्याच हातात द्यायचा हुकूम आहे.”

“मग उठवू तिला तुझ्यासाठी? मोठा राजाचा वकील लागून गेलास!”

“उठवता कशाला? मी पागेत पडतो, सकाळी देईन. घोडीही दमलीय.”

कारभाऱ्याने मागच्या माणसांकडे पाहिलं. मग पागेकडे बोट दाखवलं.

ऑसबर्ट गवतावर आडवा झाला, बोचकं उशाला घेऊन. घंटा थांबल्या. डोळा लागणार तेवढ्यात घोडीने मान उचलली. कान टवकारले. मग तिने मान खाली घातली... अगदी खाली, लहान मुलाने तोंड कुरवाळावं म्हणून घालते तशी.

तिथे लेटिस उभी होती.

ऑसबर्ट धडपडत उठला. पाच वर्षांनी पाहत होता, डोळे भरून आले. “अगं चिमणे! एवढ्या थंडीत अनवाणी? कुणी पाहिलं तर माझी चामडी लोळवतील.”

“आईने पाठवलं का काही?”

“पाठवलंय तर. हे बघ.” त्याने बोचकं सोडलं. तिने झगा अंगाला लावला. खालचा घेर गवतावर लोळला. हातभर तरी लोळला.

“मोठा आहे,” ती म्हणाली.

“असू दे. वाढत्या अंगाचा शिवलाय. होशील की मोठी.”

“नाही.”

तो हसायला गेला. तीही हसली. आणि तिच्या हसण्यात त्याला ते दिसलं.

पुढच्या दाताचं खिंडार.

ते अजून तसंच होतं. दात आलाच नव्हता. पाच वर्षं... आणि उंचीही तीच. त्याच्या कमरेइतकी. त्याने घोडीवर बसवली तेव्हा होती तेवढीच.

पागेत दिवा नव्हता. हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. दिवा नव्हता, आणि ती दिसत होती.

 त्याला प्रार्थना आठवेना.

ती गवतात मांडी घालून बसली. झगा मांडीवर घेतला. मान खाली. हात वर... खाली... वर...

“ऑझ,” ती मान न उचलता म्हणाली. “आईला सांग, एवढाच शिवायचा.”

घोडी तिच्याजवळून हलली नाही.

मग कोंबडा आरवला. बोचकं त्याच्या उशाशी होतं, जसंच्या तसं बांधलेलं.

सकाळी कारभारी म्हणाला, मुलीला ताप आहे, लग्नाचं पुढे बघू. ऑसबर्टने वाद घातला नाही. बोचकं सोडून बघायची छाती झाली नाही. वाटभर तो एकच ठरवत आला, बाईसाहेबांना खोटं सांगायचं. त्या माउलीचं उरलंसुरलं आपल्या हातून मोडायला नको.

बाईसाहेब फाटकात उभ्या होत्या. मोकळं खोगीर पाहूनही त्यांनी धीर सोडला नाही.

“ताप आहे जरा,” ऑसबर्ट म्हणाला. “पण खुशाल आहे. उंच झालीय. तुमच्या खांद्याला लागेल आता.”

“हो?” बाईसाहेबांचा चेहरा उजळला. “आणि तिचा तो पुढचा दात, तो आला का रे नीट?”

ऑसबर्टने तोंड उघडलं...

तो म्हातारा माणूस भर फाटकात ढसाढसा रडायला लागला.

बाईसाहेबांनी त्याच्या हातातून बोचकं घेतलं. सोडलं. झग्याचा खालचा घेर वर दुमडलेला होता, आणि दुमडीवर लाल दोऱ्याचे टाके होते, वाकडेतिकडे. टाके अर्ध्यावर सोडलेले. सुई तशीच लोंबत होती.

त्यांनी कमरेची फीत काढली. झग्याच्या खांद्याला लावली, खाली ओढली. दुमड बरोबर पहिल्या गाठीशी आली.

त्या ओरडल्या नाहीत. झगा पोटाशी धरून तिथेच चिखलात बसल्या आणि म्हणाल्या, “आणि मी मेली दर वर्षी मोठा शिवत बसले.”

पुढे रेनल्डने चौकशी लावली तेव्हा सगळं बाहेर आलं. पोर पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेली होती. ती गेली म्हणजे जमीन चुलत्याकडे जाणार, म्हणून फुल्कने तिला रातोरात फळबागेत पुरलं होतं. ना घंटा, ना दगड. फुल्कचं काय झालं ते तुम्ही जाणता. बाईसाहेबांनी तिसरं लग्न केलं नाही. बिशपसमोर जाऊन विधवेचं व्रत घेतलं, पांढरा पदर आणि अंगठी, पुन्हा कुणाला त्यांचा हात मागता येऊ नये म्हणून. लेकीला इथल्या चर्चमध्ये आणून निजवलं.

झगा पेटीत राहिला. सुई त्यांनी काढू दिली नाही. दर वर्षी या रात्री त्या झगा बाहेर काढून पलंगावर अंथरायच्या. सकाळी दुमडीवर एक टाका वाढलेला असायचा. लाल. लोक म्हणत, बाईसाहेबच घालतात. घालत असतील. पण शेवटची दहा-बारा वर्षं त्यांना हाताची बोटंही दिसत नव्हती.

गेल्या आठवड्यात आपण त्यांना लेकीशेजारी पुरलं. तुम्हीच खांदा दिलात. परवा ती पेटी आवरायला घेतली तेव्हा मी तिथे होतो.

दुमड पुरी झाली होती. सुई नव्हती. दोरा तोडलेला होता... आणि शेवटी दोन गाठी होत्या.