राघोदादांची लाल पेन्सिल

हे माझ्याच बाबतीत घडलंय. सांगताना माझीच लाज निघणार आहे, म्हणून दहा वर्षं कुणाजवळ बोललो नाही. पण यातला एक शब्दही खोटा नाही.

तारीख १७ जानेवारी १९९९. रविवार. भर दुपारचे तीन. मुरबाडला, राघोदादांच्या घरामागची छापखान्याची खोली.

राघोदादा कवितेची पुस्तकं छापायचे. ज्यांना शहरातला एकही प्रकाशक दारात उभं करत नव्हता, त्यांची. मजुरी करणाऱ्या भागीची गाणी त्यांनीच पुस्तकात आणली. पण छापताना तिला न विचारता तिची बोली खोडली आणि पुस्तकी भाषा घातली. दादांच्या शोकसभेत भागी उठून एवढंच बोलली, "त्यांनी माझं नाव छापलं, पन माझं बोलणं खोडलं."

मग खाली बसून खूप रडली.

माझाही राग होता. माझी कवितांची वही नऊ वर्षं त्यांच्याकडे पडून होती. विचारलं की म्हणायचे, थांब.

चंदरला मात्र कधी थांबवलं नाही. चंदर टोकावड्याचा, माझ्याच वयाचा, ढाब्यावर भट्टी सांभाळणारा. त्याचं पहिलं पुस्तक दादांनी चार महिन्यांत काढलं. प्रकाशनाला सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. घरी येऊन जेवलो नाही.

दादा डिसेंबरात गेले. त्यांच्या बायकोनं, जानकीबाईंनी, निरोप धाडला की उरलेल्या वह्या ने आणि ज्याच्या त्याला पोचव. मी शहापूरहून एसटीनं गेलो.

खोलीत मशीन नव्हतं. आठवड्यापूर्वीच भंगारात गेलं होतं. छपाईचे शिशाचे खिळेही गेले होते. भिंतीला एक फळी, तिच्यावर वह्या.

माझी वही उघडली. नऊ वर्षांत एकही खूण नाही.

चंदरची नवी वही उघडली...

पहिल्या बारा कवितांवर दादांची लाल पेन्सिल. ओळीओळीला. 'हा शब्द ठेव.' 'इथे घाई केलीस.' पुढच्या कवितांना पेन्सिल लागलेली नव्हती.

मी माझी वही परत उघडून बघितली.

तेवढ्यात मागून... टक.

खिळ्याला खिळा लागावा तसा.

टक... टक...

वळलो. रिकामी फरशी.

खरं तर पळायला हवं होतं. मी चंदरची वही पिशवीत, माझ्या कपड्यांखाली घातली.

आवाज थांबला.

बाहेर जानकीबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुला पन आला ना आवाज? रोज दुपारचा येतो. मी नाय लक्ष देत."

संध्याकाळी बूथवरून ढाब्यावर फोन केला. चंदरला सांगितलं, तुझी वही सापडली नाही. दुसरी प्रत त्याच्याकडे नव्हती, हे मला माहीत होतं.

तो म्हणाला, "जाऊ दे. तुझी तरी मिळाली ना?"

सोमवारी दोन्ही वह्या कपाटात कुलूपबंद करून कल्याणला कामावर गेलो. बायको श्वेता माहेरी होती. किल्ली माझ्या खिशात. संध्याकाळी चंदरची वही जाळायला काढली. जाळण्याआधी एकदा चाळली.

लाल खुणा विसाव्या कवितेपर्यंत आल्या होत्या.

वाटलं, मोजण्यात चूक झाली असेल. परत कुलूप लावलं.

मंगळवारी संध्याकाळी... सव्वीस.

मी दोन पावलं मागे सरलो. पण भीतीच्याही आधी काय आलं सांगू? हेवा. मेल्यावरही हा माणूस चंदरचंच काम करत होता.

बुधवारी मी सुट्टी टाकली. माझी वही वर ठेवली, पहिल्या कवितेवर उघडी. चंदरची खाली दडपली. कुलूप लावून समोर बसलो.

अकराच्या सुमारास कपाटातून...

खर्र... खर्र...

कागदावर पेन्सिल फिरत होती.

मी जागचा हललो नाही. मनात एकच चाललं होतं. दादा, एक ओळ तरी. खोडा, पण वाचा.

दुपारी आवाज थांबला. कपाट उघडलं. माझी वही तशीच वर होती, एकही खूण नव्हती. खालची पुरी झाली होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'छापायला द्या.'

गुरुवारी सकाळी टोकावडे गाठलं. चंदरला म्हणालो, फळीच्या मागे पडली होती.

त्यानं पानं उलटली. बाजेवर बसला.

"हे कोणी लिवलं?"

"दादांनी. अक्षर ओळखत नाहीस?"

"अक्षर त्यांचंच हाय." तो हळू बोलला. "पन मनोज, दिवाळीतच दादांचा उजवा हात लुळा पडला होता. मी ही वही त्यांच्या उशाशी ठेवली ती शेवटच्या आठवड्यात. तवा डोळं पन उघडत नव्हतं त्यांचं."

म्हणजे पहिल्या बारा कवितासुद्धा...

जानकीबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्या घरात तिसरं कुणी नव्हतं.

चंदरचं ते दुसरं पुस्तक २००१ साली निघालं. आभाराच्या पानावर दादांच्याही आधी माझं नाव आहे, 'वही शोधून देणाऱ्या मनोजला.' वर्षातून एकदा तरी आम्ही भेटतो. तो चहा पाजतो. मी खरं सांगत नाही.

हे ज्यात छापून येतंय तो अंक टोकावड्याच्या स्टँडवरही मिळतो. चंदर वाचेल, न वाचेल.

हे लिहिताना दोनदा उठून दार लावायला गेलो. दोन्ही वेळा... दार लावलेलंच होतं.