वाऱ्यावर बोलणारा तारा

"गप! हलू नकोस. ते इकडेच बघतायत!"

अनुजाने विनीतची मान दाबली आणि स्वतःही करवंदीच्या जाळीमागे दडली. काट्याने विनीतचा कान ओरबाडला.

"आई गं! अगं, दत्तूकाका आहेत ते. चोर नाहीत!"

"मग चोरासारखे का चालतायत?"

दत्तूकाका, म्हणजे दत्तप्रसादकाका, हे सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या पायथ्याशी असलेल्या हापूसच्या बागेचे मालक. डोक्यावर गवताने भरलेली टोपली घेऊन ते पुन्हा पुन्हा मागे वळून बघत बागेच्या टोकाला गेले, कुंपणाच्या दगडी गडग्यामागे वाकले आणि थोड्या वेळाने रिकामी टोपली घेऊन परत फिरले. वाटेत मंगेश त्यांना आडवा आला.

"काका, खंय जावन इलात?"

"म्हशीक गवत घालूक गेल्लंय!" काका घाईघाईने म्हणाले आणि निघूनही गेले.

मंगेश धावत जाळीमागे आला. त्याचे डोळे बशीएवढे झाले होते. "गो अनुजा, दत्तूकाकांकडे म्हस खंय आसा?"

नव्हतीच! काकांच्या घरी एक मांजर सोडलं तर चार पायांचं कोणी नव्हतं.

बारा वर्षांच्या अनुजाला संशय घ्यायची खोडच होती. कोणी आपणहून लाडू दिला तरी "का दिला?" असं विचारल्याशिवाय ती तो तोंडात घालत नसे. तिचा मावसभाऊ विनीत ओरोसहून सुट्टीला आला होता आणि शेजारचा मंगेश तर दिवसभर त्यांच्याचकडे असायचा. या मे महिन्यात अनुजाच्या संशयाला भरपूर खाद्य मिळत होतं, कारण तिच्या घरी पाहुणे उतरले होते ते ताऱ्यांवर संशोधन करणारे!

कौस्तुभ सर आणि त्यांची विद्यार्थिनी रसिकाताई. देवगडजवळच्या त्या गावाच्या वर कातळाचा लांबलचक सडा होता. तिथे त्यांनी तारांच्या अँटेना ओळीने मांडल्या होत्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपायच्या. या लहरी इतक्या क्षीण की जवळपासच्या एखाद्या यंत्रानेही त्या बुडून जातील. म्हणून पाऊस लागेपर्यंत सड्याच्या आसपास विजेचं नवं यंत्र लावायचं नाही, असं गावाने सभेत कबूल केलं होतं.

आणि पंधरवड्यापासून अँटेनांना काहीतरी ऐकू येत होतं. टक्... टक्... टक्... अगदी घड्याळासारखं!

"पल्सार!" सर आनंदाने म्हणाले होते. "आजवर कोणालाच न सापडलेला!"

त्या दिवशी सड्यावरच्या तंबूत अनुजाने विनीतसह रसिकाताईला गाठलं. "ताई, पल्सार म्हणजे नक्की काय गं?"

"मोठा तारा फुटला की मागे त्याचा गाभा उरतो. आकाराने एखाद्या शहराएवढा, पण वजनाने सूर्यापेक्षा भारी! तो गरगर फिरतो. आपल्या दीपगृहाचा झोत कसा फिरतो, तसा त्याच्या लहरींचा झोत फिरतो. तो आपल्यावरून गेला की टक्! पुन्हा गेला की पुन्हा टक्!"

"मग हा दुपारीच का बोलतो?"

"तारे दिवसाही असतात गं, फक्त दिसत नाहीत. हा दुपारी आपल्या डोक्यावर येत असणार."

"रोज त्याच वेळी?"

रसिकाताईने समोरची वही उघडली. "खरं तर कुठलाही तारा रोज चार मिनिटं आधी माथ्यावर येतो. पंधरवड्यात जवळजवळ तासाचा फरक पडायला हवा होता."

"पडला?"

"नाही." ताईचा आवाज एकदम खाली आला. "मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, यंत्राचं घड्याळ चुकत असेल. लहरी नक्की आकाशातूनच येतात का, ही महत्त्वाची तपासणी अजून बाकी आहे, पण रविवारी ओरोसहून जिल्ह्याचे साहेब आणि पत्रकार यायचेत. सरांना धीरच नाही!"

मंगेश तंबूच्या दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याने डोकं खाजवलं. "ताई, वारो सुटलो काय तुमचो तारो बोलता. काल वारो पडललो, तर तारो गप!"

तिघांनीही त्याच्याकडे वळून पाहिलं. वारं आणि तारा? कोट्यवधी कोसांवरचा तारा मालवणी वाऱ्याची वाट कशाला बघेल?

"तारा आकाशात नाहीच!" अनुजा पुटपुटली. "तो इथेच कुठेतरी आहे. आणि मला वाटतं, गवत खातोय!"

दुसऱ्या दिवशी मंगेशने वडिलांचा जुना रेडिओ आणला. कुठलंच स्टेशन लागत नसेल अशा जागी काटा ठेवून तिघे सड्याच्या कडेने निघाले. दुपारचा वारा सुटला, आणि नुसती खरखर करणारा रेडिओ अचानक बोलला. टक्... टक्...

"अरे बापरे!" विनीत ओरडला.

"हळू! फिरव त्याला."

रेडिओ समुद्राकडे फिरवला की आवाज मंद व्हायचा, बागेकडे फिरवला की मोठा. पावलागणिक तो वाढत गेला. गडग्याशी पोचले तेव्हा रेडिओ अक्षरशः ठणठणत होता! काकांनी आणून टाकलेल्या गवताखाली एक पेटी होती. पेटीतून निघालेली तार झाडांमागून बागेभोवती गेली होती. तार खांबाला लागू नये म्हणून बसवलेला एका लोखंडी खांबावरचा चिनी मातीचा कप फुटला होता. वाऱ्याने तार ढकलली की ती खांबाला टेकायची, आणि पेटीतून ठरावीक वेळाने येणाऱ्या प्रत्येक झटक्याला निळी ठिणगी उडायची. ठिणगी, टक्! ठिणगी, टक्!

"झटका मशीन! तारेतून जनावरांना झटका देणारं!" विनीतने हात पुढे केला.

अनुजाने त्याला खस्सकन मागे ओढलं. "तारेला हात लावू नकोस! वेड लागलंय का? आणि ही पाणंद आहे. गुरं जातात इथून, बायका पाणी आणतात!"

"कोण रे थंय?" मागून दत्तूकाकांचा आवाज गरजला. "थंय साप आसत! पळा थंयसून!"

तिघेही जीव घेऊन पळाले ते थेट सरांसमोर. एका दमात त्यांनी सगळं सांगितलं. पण सर भाषणाच्या तयारीत गढून गेले होते. "रेडिओवर खरखर कशानेही होते, बाळांनो. उद्या मोठी माणसं यायचीत. खेळा जा!"

"ठीक आहे," बाहेर आल्यावर अनुजा दात-ओठ खात म्हणाली. "ऐकत नाहीत ना? मग दाखवूच!"

रविवारी दुपारी तंबू गच्च भरला. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. टक्... टक्... कॅमेरे सरसावले होते. ओरोसच्या साहेबांनी कौतुकाने मान डोलावली.

तेवढ्यात खाली बागेत मंगेशने बोंब ठोकली. "काका! मागल्या आंगाक माकडां शिरली! धावा!"

दत्तूकाका काठी घेऊन बागेच्या दुसऱ्या टोकाला पळाले. विनीत पेटीजवळच्या झाडामागे उभाच होता. तारेपासून लांब राहून त्याने पेटीच्या बटणाजवळ हात धरला आणि सड्याच्या कडेकडे नजर लावली.

इकडे अनुजा पुढे झाली. संशय खोटा ठरला तर? एवढ्या माणसांत सरांची फजिती, आणि आपलीही!

"सर, मी तारा बंद करून दाखवू?"

सगळे हसले. सरांचा चेहरा लाल झाला. "अनुजा, बाहेर जा!"

पण ती सड्याच्या कडेला पोचलीही होती. तिने लाल पंचा हवेत फिरवला.

पडद्यावरची रेघ आडवी झाली. शांत!

तिने पुन्हा पंचा फिरवला. टक्... टक्... रेघ परत उड्या मारू लागली. पुन्हा फिरवला. शांत!

साहेबांनी विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

रसिकाताईने सरांकडे पाहिलं. सरांनी हातातलं भाषण घडी करून खिशात घातलं.

"हा तारा नाही, साहेब," ते म्हणाले. त्यांनी मान खाली घातली नाही. "शंका होती. माझ्या विद्यार्थिनीने सांगितली होती, या मुलांनी सांगितली होती. मला मोठं व्हायची घाई झाली. आज घोषणा करण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही."

दत्तूकाका धापा टाकत वर आले. "कोणी बंद केल्यान माझा मशीन?" त्यांनी जमलेली माणसं पाहिली आणि काठी खाली ठेवली. अनुजाने पाणंदीतल्या ठिणगीबद्दल सांगितलं आणि साहेबांनी जाब विचारला, तेव्हा त्यांनी हात जोडले. "माकडां अर्धी बाग खातत, साहेब. लपवन लावलंय, चुकलंय. पण तार खांबाक लागता, ह्या माका खराच म्हायत नव्हता. कोणाचा पोर चिकटला असता तर..."

त्याच संध्याकाळी काकांनी जाणत्या माणसाला बोलावून कप बदलला, तार ताणली आणि पाणंदीपासून आत घेतली. मशीन सुरू असूनही अँटेना शांत राहिल्या. मग गावानेही बागेतल्या मशीनला परवानगी दिली.

अंगणात सरांनी तिघांची पाठ थोपटली. "आज गावात लाज वाटली, उद्या साऱ्या देशात वाटली असती. तुम्ही वाचवलंत मला. अनुजा, यापुढे काही सापडलं की आधी तू संशय घ्यायचा, मग मी बोलणार!"

"तुम्ही मला एवढं चांगलं का म्हणताय?" अनुजाने डोळे बारीक करून विचारलं.

सगळे खो खो हसले. पायरीवर बसलेले दत्तूकाका तर डोळे पुसत म्हणाले, "सर, ह्या पोरीक माझ्या बागेत उभी करा. हिच्या नजरेकच माकडां पळतली, मशीन कित्याक व्हया?"