काचळीतले आरसे

दुपारी दोनच्या सुमारास सुजात झोपला की मोनालीचा खरा दिवस सुरू व्हायचा. तिचा नवरा धम्मरत्न याचा आर्णीत फोटो स्टुडिओ होता. तो लग्नांच्या ऑर्डरी घेत गावोगाव फिरे, आणि त्यानं आणून टाकलेले फोटो ती घरी सुधारत बसे. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात, माऊस हातात. नऊ महिन्यांचं लेकरू किती वेळ देईल याचा नेम नाही, म्हणून अवघड काम आधी. नवरीच्या कपाळावरचा घाम पुसायचा, नवरदेवामागचा बोअरवेलचा ट्रक काढून तिथे बर्फाचे डोंगर लावायचे. धम्मरत्न म्हणायचा, तुझ्या हाती दिली तर आपली म्हैसबी गोरी होऊन येईल.

मूळ सॉफ्टवेअरात नसलेल्या करामती तो नागपूरच्या मित्राकडून पेनड्राइव्हवर आणी. धूर उठवणारं प्लगइन, पाऊस पाडणारं, सोनेरी कण उधळणारं. त्यातच 'ग्लिंट' नावाचं एक होतं. ते कोणी बनवलं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चष्म्यावर, दागिन्यांवर उजेड चमकून पांढरा डाग पडतो, तो पुसून खालचं दाखवायचं, एवढंच त्याचं काम. सरकवायला एकच पट्टी, शून्यापासून शंभरपर्यंत.

मार्चमधल्या एका सोमवारी हंसाबाई आली. जवळच्याच तांड्यातली, सत्तरी उलटलेली. मुलगा देवसिंग मोटरसायकलवरून दारात सोडून बाजारात गेला. तिनं ओच्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून रुमाल, रुमालातून पोस्टकार्डाएवढा एक फोटो. तिची आई, जमनी. पुरा बंजारी पेहराव, आरशांनी भरलेली काचळी म्हणजे चोळी, डोक्यावर आरशांचीच ओढणी, कोपरापर्यंत बांगड्या, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले. आणि चेहरा होता तिथे ओल चढून बुरशीचा पांढरा चट्टा.

असं झालं की फोटोवाले लेकीचाच चेहरा घेतात, थोडा तरुण करतात आणि आईच्या धडावर बसवतात. मोनालीनंही तेच सुचवलं. हंसाबाईनं मान हलवली.

"माझं तोंड बापावर गेलं, सारा तांडा सांगते. मले तिचं पाहिजे."

मग तिनं सांगितलं ते असं. फोटो काढला तेव्हा ती दोन वर्षांची होती. समोरच जमिनीवर बसून, हात वर करून रडत होती. फोटोवाल्यानं हलू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून आईनं काही तिला उचललं नाही. आठ दिवसांत जमनी तापानं गेली. हे काकीनं सांगितलेलं. हंसाबाईला स्वतःला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ती हे दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं सांगत होती, फक्त रुमालाची घडी पुन्हा पुन्हा घालत होती.

"मोतीबिंदू उतरला बाई. एक डोळा गेला. दुसरा जायच्या आत याडी कशी होती ते पाहू दे." त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

मोनालीनं खोटी आशा दाखवली नाही. जिथे काहीच उरलं नाही तिथे मशीन आपल्या मनचं घालते, म्हणाली. सुंदर चेहरा करून देईन आजी, पण तो कोणाचाच नसेल. हंसाबाई म्हणाली, तरी ठेव, पाहून घे. आणि फोटो ठेवून गेली.

सुजात झोपल्यावर तिनं फोटो स्कॅन केला. चेहरा नाही तर निदान पेहराव तरी उठून दिसावा म्हणून काचळीतल्या आरशांवरची चमक पुसायला घेतली. ग्लिंटची पट्टी तिसावर नेली.

पांढरे ठिपके विझले आणि प्रत्येक आरशात काहीतरी उमटलं. तिनं मोठं करून पाहिलं. जमिनीवर बसलेलं एक लेकरू. तोंड उघडं, हात वर. तीसेक आरसे, साऱ्यांत तेच लेकरू, आणि प्रत्येकात किंचित वेगळ्या कोनातून. खऱ्या आरशांत दिसावं तसं.

मोनालीनं हिशेब केला. स्कॅनमध्ये एकेक आरसा सहा पिक्सेल रुंद, सहा उंच. छत्तीस चौकोन. छत्तीस चौकोनांत एक बोटही मावत नाही. आणि लेकराबद्दल या मशीनला सांगितलं कोणी?

भीती वाटायला हवी होती. पण पावसानंतर रानात पहिल्यांदा मोर दिसला तेव्हा लहानपणी छातीत झालं होतं, तसं काहीतरी झालं. तिला दिसलं की लेकराच्या टोपीवरही एक आरसा आहे. त्या आरशात एक धूसर बाई उभी होती.

म्हणजे चेहरा होता. लेकरापाशी होता.

तेवढ्यात सुजात उठला, आणि फाइल सेव्ह न होताच बंद झाली.

मंगळवारी तिनं मूळ स्कॅन पुन्हा उघडला. तोच आकार, तीच तारीख. पट्टी पुन्हा तिसावरच नेली. लेकरू बसलेलं नव्हतं. उभं होतं, एक पाऊल पुढे.

पन्नासावर ते आणखी जवळ आलं. टोपीवरचा आरसा मोठा झाला, त्यात हनुवटी आली, नाकातली भुरिया आली. धम्मरत्नला फोन केला तर तो म्हणाला, प्लगइन अंदाजच मारते, तुले झोप नाही, चहा पी. तिनं चहा केला आणि प्यायचा विसरली. मग देवसिंगला निरोप दिला, उद्या चारला आजीला आणा, चेहरा येईल असं वाटते.

बुधवारी दोनला सुजातला झोळीत निजवून ती बसली. साठ. सत्तर. लेकरू धावत होतं. पट्टी एकेका आकड्यानं सरकवत ती पुढे वाकत गेली. कूलरचा आवाज विरला, रस्त्यावरचे हॉर्न विरले. टोपीच्या आरशात ओठ आले. गाल आले. आता फक्त डोळे राहिले होते.

नव्वद.

सगळे आरसे एकदम रिकामे झाले. नुसती माती.

तिनं फोटो लहान करून पूर्ण पाहिला.

जमनीनं पाठ फिरवली होती. ती चालली होती. खांद्यावरून टोपीतलं लेकरू मागे पाहत होतं, थेट समोर, रडून शांत झाल्यावर पाहतात तसं.

मोनालीनं स्कॅनरचं झाकण उचललं. कागदावरही तेच होतं. बुरशीचा चट्टा कुठेच नव्हता. झाकायला चेहराच उरला नव्हता.

चारला दारात मोटरसायकल थांबली. हंसाबाई आत आली, बसली. मोनालीनं तिच्या हातात फोटो दिला आणि कसंबसं म्हणाली, "आजी, तोंड नाही आलं."

हंसाबाईनं तो चांगल्या डोळ्याशी नेला. मग हसली, अगदी ओळखीचं.

"उचलल्यावर तोंड कुठं दिसते पोरी. खांदा दिसते."

आणि ती सांगू लागली, जणू आयुष्यभर तिला हे ठाऊकच होतं. याडीच्या मानेला चुलीच्या धुराचा वास यायचा. चालताना बांगड्या कानाशी वाजायच्या. तांड्याकडे जाताना तिनं खांद्यावरून मागे पाहिलं होतं.

"एक बाई बसली होती उजेडापुढं. मागं झोळीत तिचं लेकरू हात वर करून रडून राह्यलं होतं. लय वेळचं. बाईचं ध्यानच नव्हतं."

मोनालीनं झोळीकडे पाहिलं.

"मले वाईट वाटलं. मी याडीले म्हटलं, त्यालेबी घे थोडं."

मोनाली उठली, झोळीपाशी गेली. सुजात जागा होता, गप्प, समाधानी. डोळ्यांच्या कडांना मीठ सुकलं होतं. तिनं त्याला उचलून उरी धरलं, तोंड आपल्याकडे वळवलं. त्याच्या डाव्या गालावर टिकलीएवढे गोल वळ उठले होते, ओळीनं. आरशांच्या कापडावर गाल टेकून लेकरू झोपलं की उठतात तसे.