निजामपुऱ्याच्या व्हॉल्व्हचे फेरे

"म्याडम, उलटं फिरवताय. हा जुना व्हॉल्व्ह उजवीकडं खुलतो."

आसावरीने हातातला पाना थांबवून मान वर केली. निजामपुऱ्याच्या गल्लीत, उघड्या चेंबरच्या काठावर, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी टाकून एक उंच तरुण उभा होता. वर हसतही होता, मेला! चार माणसांत इंजिनीअर बाईची चूक काढायची म्हणजे काय?

तो राहनाळचा जीवन, रोज सकाळी या गल्लीचं पाणी सोडणारा. आणि आसावरी आली होती त्याच व्हॉल्व्हला मोटर बसवायला. आता बटण दाबलं की झालं काम.

"म्हंजे माझी गरज संपली?" त्याने विचारलं.

"बटण दाबायला माणूस लागतोच की. बटणांच्या पॅनेलवर बसायला तुमचं नाव सुचवू?"

"तुम्ही सुचवणार, मंग न्हाय कोन म्हननार?"

तिचे कान तापले. आठ दिवस दोघं त्या खड्ड्याशी खपली. चौथ्या दिवसापासून तर ती उगीचच रिक्षावाल्याला घाई करायला लागली...

मोटर चढवण्याआधी एक मोजणी असते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला किती फेरे लागतात, तो आकडा मोटरला द्यायचा. तेवढे फिरून ती थांबते. जीवन चावी फिरवत होता, आसावरी मोजत होती. वीस... एकवीस... त्याच्या कपाळावर घामाने बट चिकटली होती. ती हळूच मागे सारावी असं तिला वाटलं आणि — झालं! आकडा गेला कुठल्या कुठे. पुन्हा फिरवा म्हणायची लाज वाटली. तिने अंदाजाने लिहिलं, अठ्ठावीस.

चाचणीला पाणीखात्याचे प्रभाकर साहेब आले. पॅनेलवर कोण बसणार, तेही तेच ठरवणार होते. आसावरीने बटण दाबलं, मोटर गुरगुरली, पाइपातून पाणी धावलं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या कमळमावशी रिकामी कळशी घेऊन आल्या.

"साहेब, आमच्याकडं नुसतं थेंब थेंब येतंय."

"व्हॉल्व्ह पुरता उघडलाच नाही," साहेब तडकले. "मोजणी कोणी केली?"

"मी," जीवन म्हणाला. "माझीच चूक हाय."

"मग पॅनेल विसरा."

आसावरीची स्वतःची नोकरी जेमतेम सहा महिन्यांची. पण हा वेडा तिच्यासाठी आपल्याच पोटावर पाय मारून घेत होता.

"नाही सर, मी मोजत होते. मोजता मोजता... यांच्याकडे बघत राहिले. म्हणून चुकले."

मावशींनी कळशी खाली ठेवली.

जीवन मान खाली घालून पुटपुटला, "मी पन मनात मोजत व्हतो, साहेब. तेवीसच्या पुढं मला बी आठवत न्हाय."

साहेबांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "आणा ती चावी. मोजायला मी उभा राहतो. तुमच्या भरवशावर गल्ली तहानेने मरेल. आणि जीवन, पॅनेलवर बस तूच. पण तपासणीला मी दुसरा इंजिनीअर पाठवणार."

"चालंल, साहेब," जीवन आसावरीकडे बघत म्हणाला. "यांना मी ड्युटी सुटल्यावर भेटन."