नळीतला भाऊ

"माहा भाऊ कसा हाये वं?" मी डबा भरत असले की गिरिधर रोज विचारायचे. आमची नऊ वर्षांची नूपुर दप्तर पाठीला लावत खिदळायची, "आई, काकाले टाटा सांगजो!"

भाऊ म्हणजे त्यांच्याच गालातून काढलेली बुरशी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती त्यांचा डावा डोळा आणि अर्धा टाळू घेऊन गेली. शस्त्रक्रियेत निघालेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आला, तिथे वाढवला गेला, आणि तिच्या जिवंत पेशींमधला सामू, म्हणजे आंबटपणा, मोजायचं काम माझ्या वाट्याला आलं. सगळ्यांना ते चमत्कारिक वाटायचं. मला नाही. बुरशी ती बुरशी, आणि नवरा वाचला होता.

काम तसं कंटाळवाणं. थंडगार तळघरात मोठं चुंबक, त्यात काचेची नळी, नळीत बुरशी. एक छोटा पंप तिला हवा देत बुडबुडत असतो. पडद्यावरच्या आलेखात फॉस्फरसची दोन शिखरं दिसतात: एक पेशीतल्या मुख्य द्रवाचं, दुसरं पेशीतल्या आंबट पिशवीचं. हवा तुटली की सगळंच आंबट होत जातं आणि शिखरं एकमेकांकडे सरकतात. ती एक झाली की पेशी मेली समजायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू राहिलं, पंप मात्र थांबला. मी शिखरं सरकायची वाट पाहत बसले. ती जागची हलली नाहीत.

तेवढ्यात गांधीबागेतून शालिकरामचा फोन आला. आमच्या कापडाच्या दुकानाला लागूनच त्यांचं दुकान.

"वहिनी, गिरिधरभाऊले भलताच दम लागून राहिला. ओठ निळे पडले त्याइचे."

मी पर्स उचलली आणि वीज आली. पंप बुडबुडू लागला.

"थांबा, थांबा... आता बरे दिसून राहिले," शालिकराम म्हणाले.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. उन्हाचा त्रास, म्हणाले. माझंही मत तेच होतं. पण एकदा दिसलेलं खरं मानायचं नाही, पुन्हा करून बघायचं, ही आमच्या कामाची सवय. दुसऱ्या दिवशी मी गिरिधरना फोन लावला आणि बोलता बोलता पंप बंद केला.

"भावाले जेवू घातलं का?" ते हसले. मग शब्द तुटायला लागले. "चारू... हवा..."

शिखरं जागीच होती.

मी झटकन पंपाचं बटण दाबलं आणि त्यांचा श्वास परत आला. त्यानंतर पंप बॅटरीवर घेतला आणि दिवसातून दहादा त्याच्यावर नजर ठेवू लागले. नळी फेकून द्यायची भीती वाटायची. बुरशी मेली तर त्यांचं काय होईल, हे कोणाला विचारणार?

काल पंपच जळाला. मी घाईघाईने घरी फोन लावला.

"मले काय झालं?" गिरिधर म्हणाले. "मस्त आंबा खाऊन राहिलो."

आवाज मोकळा होता, श्वास नेहमीचा. मला रडूच फुटलं. योगायोग होता तर सगळा!

डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. दोन्ही शिखरं जागच्या जागी होती.

"चारू, थांब जरा," फोनवर गिरिधर म्हणाले. "नूपुर, काहून वं अशी करून राहिली? ओठ काहून निळे पडले तुहे?"