नवसूचं दुखणं

एकोणीसशे एकसष्टच्या हिवाळ्यात आमच्या विभागाने शहापुरात भाताच्या गिरणीमागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. विद्यापीठाच्या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या प्रयोगशाळेत मी संशोधन साहाय्यक होतो. माझं गाव सापगाव, शहापूरच्या शेजारचंच; म्हणून सामान लावण्यापासून माणसं गोळा करण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं. गिरणीत वीज होती आणि आमच्या यंत्राला ती हवी होती. दुपारी गिरणी बंद झाली की जमिनीची थरथर थांबे आणि आमचं काम सुरू होई. भिंतींना दिवसभर कोंड्याचा ऊबट वास असे.

विभागप्रमुख डॉ. विजयकर वेदनेवर संशोधन करीत होते. माणसाच्या डोक्याला धातूच्या चकत्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा यंत्राला जोडायच्या आणि हातावर एक पट्टी ठेवून ती हळूहळू तापवायची. यंत्रातून कागद सरकत राही आणि बारीक लेखण्या त्याच्यावर मेंदूतल्या हालचालींच्या रेघा काढत. माणूस ‘दुखतं’ म्हणाला की पट्टी उचलायची. डॉक्टर स्वभावाने अत्यंत सभ्य. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. समोर बसणाऱ्या प्रत्येकाला ते आधी चहा देत.

नवसू आमच्याकडे आला तो गवताच्या वखारीतून. मुरबाडच्या बाजूला डोंगराखाली त्याची वाडी होती. हंगामात तो शहापूरला गासड्या बांधायला येई. पंचविशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. हातांवर मात्र जुन्या भाजल्या-कापल्याचे इतके व्रण, की कातडी ठिगळं लावल्यासारखी दिसे.

पट्टी तापत गेली. नवसू खिडकीबाहेरच्या कोंबड्या बघत होता.

“दुखतंय का रे?” मी विचारलं.

“नाय दादा. ऊन लागतंय.”

कातडीचा वास यायला लागला तेव्हा मीच पट्टी उचलली. लेखण्यांनी सरळ, संथ रेघा काढल्या होत्या. डॉक्टरांनी कागद उजेडात धरला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

“तुला कधीच दुखलं नाही?”

“नाय सायब. ल्हानपणी निखारा मुठीत धरून दाखवायचो. पोरं लय हसायची.”

डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. नवा सदरा दिला, दोन वेळचं जेवण लावून दिलं. रोज दुपारी त्याला सुया टोचल्या जात, पट्टी लावली जात. नवसूला त्याचं काही वाटत नसे.

हा गुण घराण्यातच आहे का, हे बघण्यासाठी डॉक्टरांनी मला त्याच्या आईला आणायला पाठवलं. मी किन्हवलीवरून मुरबाडची मोटार पकडली आणि पुढे बांधाबांधाने चालत वाडीवर गेलो. त्याची आई बुधी झोपडीच्या दारात बसली होती. वाळलेल्या शेंगेसारखी बाई. डाव्या हाताची बोटं तिने ओल्या पाल्यात गुंडाळून मांडीवर धरली होती.

“काय झालं हाताला?”

शेजारची हौसा म्हणाली, “रोज दुपारी बोंबलते. हात भाजला म्हनते. बघायला जावं तर काय नाय.”

मी पाला सोडून बघितला. कातडी सुरकुतलेली, पण स्वच्छ होती. फोड नाही, डाग नाही. नवसूच्या डाव्या हाताला आम्ही पट्टी लावत होतो, हे मला त्याच वेळी आठवलं. मनाशी म्हटलं, मुलाने निरोप धाडला असेल, म्हातारीने मनाला लावून घेतलं असेल. पण नवसू दिवाळीपासून घरी गेला नव्हता, आणि त्या वाडीवर निरोप नेणारं कुणी नव्हतं.

बुधी माझ्या हातांकडे बघत होती. “तुमीच का टोचता त्याला?”

“डॉक्टर टोचतात.”

“सांगा त्यांना. जरा हळू.”

बुधीला घेऊन शहापूरला आल्यावर ही हकिकत मी डॉक्टरांना सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी बुधीला चहा दिला आणि यंत्राच्या खोलीत खाटेवर निजवलं. नवसूला पलीकडच्या खोलीत बसवलं. मधलं दार लावून घेतलं. चकत्या या वेळी नवसूच्या डोक्याला नव्हत्या, बुधीच्या होत्या. मी यंत्रापाशी थांबायचं, आणि डॉक्टर पलीकडे नवसूला पट्टी लावणार.

गिरणी थांबली. कागद सरकू लागला. बराच वेळ काही झालं नाही.

मग लेखण्या एकदम उसळल्या आणि बुधी ओरडली.

डॉक्टर दार उघडून आले, त्यांनी कागद पाहिला. बुधी हात छातीशी धरून हुंदके देत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते परत पलीकडे गेले. पुन्हा लेखण्या उसळल्या, पुन्हा ती ओरडली. या वेळी उजवा हात. मग पाऊल. कुठे ते मला आधी कळायचं नाही. तिने जिथे धरलं तिथेच पलीकडे पट्टी असायची.

भिंतीपलीकडून नवसूचा आवाज आला. “भिऊ नको गो आये! दुखत नाय!”

बुधीने पदर तोंडात कोंबला.

“सर, थांबू या,” मी म्हटलं.

“देवराम,” डॉक्टर दारातूनच हळू म्हणाले, “हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. एकदाच, पूर्ण तापवून.”

त्या शेवटच्या वेळी ती ओरडली नाही. तिने फक्त मान माझ्याकडे वळवली. लेखण्या कागदाच्या कडेपर्यंत गेल्या, तिथे काही क्षण थरथरल्या आणि मग सगळ्या सरळ झाल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं. बैलगाडीची व्यवस्था त्यांनीच केली, वर नवं लुगडं घ्यायला सांगितलं. गाडीबरोबर मी वाडीवर गेलो. नवसू सबंध वाट आईच्या पायाशी बसून होता. त्याच्या भाजलेल्या हाताला मी बांधलेलं फडकं होतं.

वाडीच्या माणसांनी खड्डा खणला. माती ढकलून झाल्यावर हौसा नवसूसमोर उभी राहिली.

“आता तरी तुला कळू दे. पायात काटा घेऊन तू यायचास आन् लंगडायची ही. तू निखारा धरलास की ही घरामागं जाऊन मनगट चावायची. तुला सांगू नको म्हनून मला शपथ घातली होती.”

कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या. त्यातला एक लांब काटा नवसूने मोडून घेतला आणि तळहातात खुपसला. चेहऱ्यावर काही नाही. आजूबाजूला कुणी कण्हलं नाही, हललं नाही. रक्त मनगटावर आलं.

“दादा,” तो म्हणाला, “आता माझं दुखनं कुठं जाईल?”

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला परतलो तेव्हा गिरणीवाले कोंडूशेठ मला फाटकातच भेटले. “कालच्याला सायब चहा पिता पिता ओरडले. कप फुटला. तळहात धरून बसलेत, म्हणाले विंचू डसला. आमी सगळी खोली झाडली. विंचू नाय सापडला.”

डॉक्टर खुर्चीत बसले होते. तळहातावर खूण नव्हती. मी जवळ गेलो तसा त्यांनी तो हात टेबलाखाली घेतला.

आठवड्याने नवसू स्वतःहून आला. आंघोळ करून, तोच नवा सदरा घालून. नेहमीच्या स्टुलावर बसला.

“सायब, आज टोचत नाय?”

“आता गरज नाही,” डॉक्टर म्हणाले. “तू घरी जा. तुला जे लागेल ते मी देईन.”

नवसूने टेबलावरची सुई उचलली. डॉक्टरांकडे बघत ती आपल्या अंगठ्याच्या नखाखाली सावकाश सरकवली.

डॉक्टर किंचाळले. असा आवाज त्यांच्या गळ्यातून निघू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

नवसू वाकून त्यांचा अंगठा बघू लागला. तिथे काहीच नव्हतं. त्याने मान डोलावली, सुई पुसून जागेवर ठेवली आणि निघून गेला.

डॉक्टर त्याच दिवशी मुंबईला गेले. शहापूरच्या खोल्या आम्ही सोडल्या. पुढे त्यांची नोकरी सुटली. मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलं, कुणाला काही सापडलं नाही. झोपेची औषधं लागू पडत, दुखण्याची पडत नसत. मी भेटायला जाई तेव्हा ते खाटेवर दोन्ही पावलं वर उचलून धरलेले असत. खाटेला कुठेही ती टेकू देत नसत.

सदुसष्ट साली त्यांनी मला बोलावलं आणि हात जोडले. “त्याच्याकडे जा. माझ्याकडून माफी माग.”

नवसू मुरबाडच्या रानात कोळशाच्या भट्टीवर कामाला होता. भर दुपार होती. मातीने लिंपलेल्या भट्टीच्या तोंडातून धूर येत होता, आणि तो अनवाणी, निखारे उपसत होता. मला ओळखून त्याने फावडं ठेवलं. एका कुडाच्या सावलीत त्याची बायको जना बसली होती. तिने तेलाची वाटी आणली. नवसूने तळपाय धुतले, प्रत्येक भाजलेल्या जागेला हळद आणि तेल लावलं, फडक्याने नीट बांधलं. हे सगळं मन लावून, एखाद्या दुसऱ्याच्याच अंगाची काळजी घ्यावी तसं.

“बरं करावं लागतं,” तो म्हणाला. “लवकर मरून चालनार नाय.”

मी डॉक्टरांची माफी सांगितली. त्याने ती ऐकून घेतली.

“सायबांना काय केलंय मी? मी आपला कामावर असतो.”

“सोड रे त्यांना, नवसू. सहा वर्षं झाली.”

“आयेनं पंचवीस वर्सं सोसलं.”

ओंडक्यांच्या ढिगाआडून चारेक वर्षांची पोरगी धावत आली. धावता धावता दगडाला ठेचकाळून पडली. गुडघा फुटला. ती उठली, रक्ताला बोट लावून बघितलं आणि खेळायला लागली. रडली नाही.

“लखमा,” नवसू म्हणाला. “माझ्यासारखीच हाय.”

मी जनाकडे बघितलं. ती शांतपणे वाटी पुसत होती.

“तिच्या आयला काय होत नाय,” नवसू म्हणाला. “सायबांचं इचारून बघितलं, मुंबईला जानाऱ्या एका मानसाकरवी. पोरीचं दुखनं त्यांच्याकडंबी जात नाय.” तो माझ्याकडे वळला. “वाडीच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, मानूस घटकाभर जवळ असल्याबिगर पैल्यांदा लागत नाय. एकदा लागलं की मग कितीबी लांब जा.”

धुराने माझे डोळे चुरचुरत होते. मोटारीची वेळ झाली असं काहीतरी मी म्हणालो.

“तुमी त्या दिवशी खोलीत होता ना, दादा? आयेपाशी?”

“होतो.”

“तिनं शेवटी कुनाकडं बघितलं?”

त्याने दिलेलं पाणी मी खाली ठेवलं.

“लखमा,” त्याने पोरीला हाक मारली. आवाजात माया होती. “वर चढ गो. उडी मारून दाखव दादांना.”

पोरगी हसत ओंडक्यांवर चढू लागली. ढिगापुढे करवंदीची जाळी नुकतीच तोडलेली होती आणि तिचे टोकदार खुंट जमिनीतून वर आले होते. ती टोकाला उभी राहिली आणि तिने हात पसरले.

मी खाली मातीत बसलो आणि दोन्ही हातांनी माझी पावलं घट्ट धरली.